बल्ब पेटला की टायमिंग जमलं: ॲम्बेसिडर मार्क ३

आमची ॲम्बेसिडर १९७८ ची, मार्क ३, पेट्रोल. अण्णांनी घेतलेली, आता माझ्याकडे. गेल्या वर्षी मे महिन्यात वेळ नव्हता म्हणून ट्यूनिंगला बाहेर दिली. मेकॅनिकने डिस्ट्रिब्युटर (प्लगना स्पार्क वाटून देणारा भाग) सैल केला, इंजिन चालू ठेवून हाताने फिरवला आणि आवाज सगळ्यात गोड लागला तिथे आवळून टाकला. गाडी उभ्या जागी इतकी सुरेख चालायला लागली की मीही खूष झाले. आठ दिवसांनी रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून टकटक सुरू. डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. टेम्परेचरचा काटा वर सरकत होता. दोनदा थांबून, गाडी थंड करून घाट चढलो.

घरी येऊन दुसऱ्या दिवशी बल्ब लावून बघितलं. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला उघडमीट करणारा स्विच, तो उघडला की स्पार्क पडतो) उघडत होते ते पुलीची खाच दहा अंशांच्या दातापाशी पोहोचायच्या कितीतरी आधी. टायमिंग भलतंच ॲडव्हान्स होतं, म्हणजे स्पार्क फारच आधी पडत होता.

म्हणून हे लिहिते आहे. जुन्या गाडीचं टायमिंग कानाने लावू नका. त्याचं कारण साधं आहे. रिकाम्या चालणाऱ्या इंजिनाला थोडं जास्त ॲडव्हान्स नेहमीच मानवतं, आरपीएम वाढतात आणि आवाज गुळगुळीत होतो. त्यामुळे कान तुम्हाला हमखास पुढे घेऊन जातो. चूक कळते ती लोड आल्यावर, घाटात. त्यातून ही इंजिनं कमी कॉम्प्रेशनची आणि हल्लीचं पेट्रोल जास्त ऑक्टेनचं, म्हणजे सहजी टकटक न करणारं. सपाट रस्त्यावर टायमिंग पुढे असलं तरी नॉकिंग, म्हणजे ती टकटक, ऐकूच येत नाही.

स्पार्क आधी का पडावा लागतो, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं. सिलिंडरमधलं मिश्रण एका झटक्यात फुटत नाही, ते जळत जातं आणि त्याला वेळ लागतो. इंजिन ६०० आरपीएमवर असेल तर एका मिलिसेकंदात क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) साडेतीन अंशांच्या आसपास फिरतो. ३००० आरपीएमवर तेवढ्याच वेळात १८ अंश. म्हणजे वेग वाढेल तसा स्पार्क अधिकाधिक आधी पडायला हवा. ते काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली वजनं आणि स्प्रिंगा करतात, आणि व्हॅक्यूमचा डबा त्यांना साथ देतो. आपण हाताने लावतो ती फक्त सुरुवातीची जागा. ती चुकली तर पुढचं सगळं तेवढ्याच अंशांनी चुकत जातं.

सामान फार लागत नाही. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), चपटा स्क्रू ड्रायव्हर, इंची पाने, टॉर्च, एक छोटा आरसा आणि १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन वायरी जोडून टोकांना क्लिपा लावलेल्या. पाने इंचीच घ्या. या इंजिनाचं घराणं इंग्लंडच्या बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बोल्टही इंची. मिलिमीटरचा पाना ‘बसतोय की’ म्हणून लावला की बोल्टचं डोकं गोल झालंच म्हणून समजा.

टायमिंगला हात लावण्याआधी पॉइंट. हा क्रम मोडू नका. गॅप बदलला की पॉइंट उघडण्याची वेळ बदलते: गॅप वाढला की ते लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं, कमी झाला की मागे पडतं. आधी टायमिंग लावून मग पॉइंटचा गॅप केलात तर पहिली मेहनत वाया.

डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. आमच्याकडचे जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात, मग आत लुकास कंपनीचा माल का असेना. रोटर (टोपीखालचा फिरता तुकडा) वर ओढून काढा. पॉइंट बोटाने उघडून टॉर्चच्या उजेडात दोन्ही तोंडं बघा. जुन्या पॉइंटमध्ये एका तोंडावर बारीकसा डोंगर आणि समोरच्या तोंडावर तेवढाच खड्डा तयार झालेला दिसेल. इथेच बरेच जण फसतात. फिलरची पाती सपाट असते, ती डोंगराच्या शेंड्याला टेकते. खड्ड्याची खोली तिला कळत नाही. तुम्हाला वाटतं गॅप पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) आहे, खरा असतो वीस-बावीस. आमचं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेलं, थाऊ म्हणजे काय ते हाताला कळतं, तरी मी अशा पॉइंटवर गॅप करत बसत नाही. सरळ नवे टाकते. पॉलिश पेपरने घासून एक-दोन महिने निघतात, पण घासलेल्या तोंडांचा भरवसा नाही. असे खड्डे वारंवार पडत असतील तर कंडेन्सरही (पॉइंटवरची ठिणगी रोखणारा छोटा डबा) बदला.

आता हँडलने इंजिन फिरवा आणि पॉइंटची टाच कॅमच्या (मधल्या फिरत्या चौकोनी दांड्याच्या) टोकावर आणा, म्हणजे पॉइंट जास्तीत जास्त उघडे राहतील. माझ्या डिस्ट्रिब्युटरला गॅप १४ ते १६ थाऊ, म्हणजे ०.३६ ते ०.४० मिलिमीटर. स्थिर पट्टीचा स्क्रू अगदी किंचित ढिला करा, शेजारच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून पट्टी सरकवा. पंधराची पाती जाताना हलकीशी ओढ लागली पाहिजे, लोण्यातून सुरी ओढल्यासारखी. स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना पट्टी सरकते, प्रत्येक वेळी. कॅमवर ग्रीसचा नुसता हात फिरवा. रोटरखालच्या स्क्रूवर तेलाचे दोन थेंब सोडा. त्याहून जास्त नको, तेल उडून पॉइंटवर गेलं की स्पार्क गेला.

जमलंच आहे तर दोन गोष्टी तपासून टाका. रोटर परत बसवा, हाताने फिरण्याच्या दिशेला पिळा आणि सोडा. तो स्प्रिंगने झटकन मागे आला पाहिजे. अडकत असेल तर आतली वजनं गंजली आहेत. दुसरं, व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरकडून काढून तोंडाने ओढा आणि आत बघा, पॉइंटची प्लेट हलली पाहिजे. हलली नाही तर डब्यातला पडदा फाटलाय. टायमिंग कितीही नीट लावा, अशी गाडी ॲव्हरेज देणार नाही.

आता एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनला आणायचा. एक नंबर म्हणजे रेडिएटरच्या बाजूचा. त्याचा प्लग काढा, भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी हँडल हळूहळू फिरवायला सांगा. आमच्याकडे हे काम भाच्याचं. हवा अंगठ्याला आतून ढकलायला लागली की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. हे न करता नुसती पुलीची खाच जुळवलीत तर गल्लत होऊ शकते, कारण खाच दोन फेऱ्यांत दोनदा जुळते आणि त्यातली एकच आपल्या कामाची. पडताळायचं असेल तर रोटरचं तोंड बघा, ते टोपीतल्या एक नंबरच्या वायरकडे हवं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि वरून बघितलं तर रोटर घड्याळाच्या उलट फिरतो.

हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला वेढा घालायचा नाही. इग्निशन बंद असताना धोका नाही, पण सवय तीच हवी. टायमिंग पुढे असलेली गाडी हँडलने सुरू करताना पिस्टन वर पोहोचायच्या आधीच स्पार्क पडतो आणि हँडल उलटं फिरून येतं. १९९६ साली पावसात बॅटरी उतरली होती, अण्णांनी हँडल मारलं आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. मी तेव्हा शेजारी छत्री धरून उभी होते. तो कडाड आवाज मला अजून आठवतो.

खाच बघायला खाली वाकावं लागतं. टायमिंग कव्हरला पुलीजवळ तीन दात आहेत. सगळ्यात लांब दात म्हणजे टीडीसी, पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा, बाकीचे दोन पाच अंशांचा आणि दहा अंशांचा. पुलीच्या मागच्या कडेला बारीक खाच असते, वर्षानुवर्षांच्या तेलामातीने बुजलेली. रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि तिच्यात पांढरा खडू भरा. आरसा तिरपा धरला की पाठीवर झोपावं लागत नाही. इंजिन नेहमीच्या दिशेने फिरताना खाच आधी दहाच्या दातापाशी येते, मग पाचच्या, शेवटी लांब दातापाशी. मी माझी गाडी पाचवर लावते. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

खाच पाचच्या पुढे गेली तर तेवढीच मागे घेऊन थांबू नका. हँडल उलटं फिरवून इंजिन मागे जात नाही, म्हणून टॉप गियर टाकून गाडी मागे ढकलत चांगली पाव फेरी मागे जा, गियर काढा आणि पुन्हा पुढे येत येत पाचवर थांबा. टायमिंग चेन जुनी झालेली असते, तिच्यात ढिलाई असते. मागून पुढे आलात तरच ती ढिलाई एका बाजूला जाते, गाडी चालताना असते तशी.

आता बल्ब. एक क्लिप डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या टर्मिनलला, जिथे कॉइलकडून येणारी बारीक वायर लागते. दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला. इग्निशन चालू करा, स्टार्टर मारू नका. पॉइंट मिटलेले असतील तर करंट त्यांच्यातून अर्थला जातो आणि बल्ब विझलेला राहतो. पॉइंट उघडले की करंटला बल्बचाच रस्ता उरतो आणि तो पेटतो. पॉइंट उघडण्याचा क्षण म्हणजेच स्पार्कचा क्षण, आपल्याला तोच पकडायचाय. काही जण सिगारेटचा कागद पॉइंटमध्ये धरून तो सुटतो कधी ते बघतात. तेही चालतं, पण बल्ब जास्त अचूक.

डिस्ट्रिब्युटरच्या मानेचा क्लॅम्प थोडा ढिला करा. बॉडी हाताने फिरावी पण आपोआप फिरू नये, इतकाच. आधी बॉडी घड्याळाच्या उलट फिरवा, बल्ब विझेल. मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने केसभर केसभर फिरवत या. बल्ब पेटला की तिथेच थांबा. श्वाससुद्धा रोखून धरावासा वाटतो त्या क्षणी. क्लॅम्प आवळा आणि लगेच इग्निशन बंद करा. इंजिन उभं आणि पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू ठेवली तर कॉइल तापते, पॉइंट जळतात.

मग खात्री. भाच्याला इंजिन तसंच, गाडी ढकलून, अर्धी फेरी मागे न्यायला सांगा, गियर काढा, इग्निशन चालू करा आणि हँडलने हळूहळू पुढे आणा. खडू भरलेली खाच पाचच्या दातासमोर येते त्याच क्षणी बल्ब पेटला पाहिजे. आधी पेटला तर टायमिंग पुढे आहे, उशिरा पेटला तर मागे. एवढ्यातेवढ्यासाठी क्लॅम्प परत सोडू नका. व्हॅक्यूमच्या डब्याजवळ नर्लिंग केलेला (कडेला रेघा पाडलेला) छोटा नट असतो, त्यावर ए आणि आर लिहिलेलं. ए कडे फिरवला की ॲडव्हान्स, आर कडे फिरवला की रिटार्ड, म्हणजे मागे. फिरताना तो बारीक कटकट करतो. साधारण ११ कटकटींना एक अंश.

स्ट्रोब लाइट (प्रत्येक स्पार्कबरोबर चमकणारा दिवा) असेल तर इंजिन चालू ठेवूनही बघता येतं. व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करा, वायर एक नंबरच्या प्लगच्या केबलला, इंजिन शक्य तेवढं हळू. गाडी जुन्या पॉझिटिव्ह अर्थची असेल तर लाइटच्या क्लिपा त्याप्रमाणे लावा. बल्बला मात्र असली कुठलीच अडचण नाही. आणि एक गोष्ट मनावर घ्या: स्ट्रोबच्या उजेडात फिरणारा पंखा उभा असल्यासारखा दिसू शकतो. साडीचा पदर, ओढणी, मफलर, हातातलं कडं, काहीही अंगावर नको.

शेवटी रस्ता. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. थोड्या चढावर टॉप गियरमध्ये ताशी ३० किलोमीटरवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. क्षणभर हलकी टकटक येऊन वेग वाढताच विरली तर टायमिंग नेमकं. टकटक चालूच राहिली तर नट आर कडे, पाच-सहा कटकटी. आवाज अजिबात नाही, पण गाडी पिकअप घेईना आणि घाटात तापायला लागली, तर ए कडे तितकंच. पाचापेक्षा जास्त अंश सरकवावं लागतंय असं वाटलं तर थांबा. चूक टायमिंगमध्ये नाही, कार्बोरेटर किंवा व्हॅक्यूम बघा.

नवे पॉइंट टाकले असतील तर हजारेक किलोमीटरनंतर टोपी पुन्हा उघडा. नव्या पॉइंटची टाच कॅमवर घासून बसते, गॅप कमी होतो आणि टायमिंग गुपचूप मागे पडतं. मी बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख, किलोमीटर आणि गॅप मार्करने लिहून ठेवते. अण्णांच्या हातचे आकडे तिथे अजून आहेत, खडूचे होते, मी त्यावर वार्निश मारलंय.