सशाचे शिंग की मृगजळ? नसलेल्या गोष्टीसाठी नेमका दृष्टांत कसा निवडावा

एखादी गोष्ट मुळातच नाही असे लिहायचे असते, तेव्हा सशाचे शिंग (शशशृंग), आकाशपुष्प, वंध्यापुत्र (वांझ स्त्रीचा मुलगा), मृगजळ, गंधर्वनगर यांपैकी जे आधी आठवेल ते आपण वापरून मोकळे होतो. भारतीय दर्शनांतील वादांमध्ये मात्र हे दृष्टांत इतके सैल वापरले जात नाहीत, कारण त्या प्रत्येकातले नसणे वेगळ्या जातीचे आहे. म्हणून आपल्याला नेमके काय नाकारायचे आहे, हे आधी ठरवावे.

ती गोष्ट कोणाला दिसते का, हे प्रथम पाहावे. योगसूत्रांच्या पहिल्या पादात, आठव्या आणि नवव्या सूत्रांत, विपर्यय आणि विकल्प या चित्ताच्या दोन वृत्ती लागोपाठ सांगितल्या आहेत. वस्तू एक असताना तिचे भलतेच ज्ञान होणे हा विपर्यय, तर वस्तू नसताना केवळ शब्दामागोमाग येणारे ज्ञान हा विकल्प. मृगजळ विपर्ययात मोडते, कारण तापलेल्या जमिनीलगतच्या विरळ हवेत प्रकाशकिरण वाकतात, आकाशाचा उजेड जमिनीवरून आल्यासारखा भासतो आणि डोळ्यांना खरोखरच काहीतरी दिसते. आकाशात भासणारे गंधर्वनगरही याच वर्गातले. सशाच्या शिंगामागे तहानलेले हरीण धावत नाही. त्यामुळे भरघोस परताव्याचे आमिष दाखवून लोकांना ओढणाऱ्या योजनेला मृगजळ म्हणावे, शशशृंग नव्हे.

दिसण्याचा प्रश्न नसेल, तर शब्दाचे घटक सुटे करावेत. ससा आहे आणि गाईच्या डोक्यावर शिंगही आहे. नाही तो फक्त त्या दोहोंचा संबंध. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा, आग्रह असा की, ज्याचा अभाव सांगायचा तो प्रतियोगी आधी कुठेतरी माहीत असावा लागतो, आणि म्हणून ‘शशशृंग नाही’ या वाक्याचा अर्थ ‘सशाच्या ठिकाणी शिंग नाही’ असाच घ्यावा. लिहिणाऱ्याला ही शिस्त फार उपयोगी पडते. ‘निःपक्षपाती चौकशी हे आकाशपुष्प आहे’ असे टाळीचे वाक्य लिहिण्यापूर्वी चौकशी कोणती, ती कोणी करायची होती आणि निःपक्षपातीपणा नेमका कुठे नव्हता हे सांगता येते का, ते तपासावे. सांगता येत असेल, तर तेच लिहावे आणि आकाशपुष्प सोडून द्यावे.

वंध्यापुत्राची गोष्ट याहून निराळी आहे. सशाला शिंग नसते, हे आपण ससे पाहून जाणतो. अमेरिकेतल्या काही सशांच्या डोक्यावर शिंगांसारख्या गाठी वाढतात आणि त्या विषाणूमुळे होतात, हे विषाणुशास्त्रज्ञ रिचर्ड शोप यांनी 1933 मध्ये दाखवले. ती खरी शिंगे नव्हेत, पण उद्या खरोखरच शिंगवाला ससा सापडला, तर तर्कशास्त्र काही कोसळणार नाही. वंध्यापुत्र मात्र व्याख्येनेच बाद होतो, त्याला शोधायला बाहेर जावे लागत नाही. म्हणून दोन अटी एकमेकींना छेदत असतील, तेव्हाच हा दृष्टांत योग्य ठरतो. तरीही आजच्या लेखनात तो टाळावा, असे माझे मत आहे. तर्काच्या सोयीसाठी एखाद्या स्त्रीच्या दुःखाला उदाहरण करण्याची गरज नाही, ‘चौकोनी वर्तुळ’ तेच काम चोख करते. मुक्ताबाईंच्या अभंगात मुंगी सूर्याला गिळते आणि वांझ पुत्र प्रसवते, तिथे हा नियम लावू नये, कारण त्या कूटात अशक्यता मुद्दाम योजलेली आहे.

शेवटी काळ तपासावा. मडके घडण्यापूर्वीचे त्याचे नसणे हा प्रागभाव आणि फुटल्यानंतरचे नसणे हा प्रध्वंसाभाव. या दोन्हींना काळाची मर्यादा आहे, अत्यंताभावाला, म्हणजे कोणत्याही काळी नसण्याला, ती नाही. सशाचे शिंग अत्यंताभावाच्या बाजूचे आहे. मंजूर होऊन रखडलेल्या पुलाला ते लावले, तर पूल कधीच होणार नाही असा दावा आपल्या गळ्यात पडतो. तो दावा करायचा नसेल, तर ‘पूल अजून बांधलेला नाही’ एवढेच लिहावे.