नाझ्का भांड्यांवरची चित्रं कशी वाचावीत?

पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावर, पाऊस जवळजवळ न पडणाऱ्या खोऱ्यांत, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत नाझ्का कुंभारांनी रंगवलेली ही भांडी. लिमाच्या लार्को संग्रहालयाचा संग्रह ऑनलाइन बघता येतो. त्यातलं एखादं भांडं उघडा आणि समोर ठेवून बघत चला.

आधी मिळतील तितक्या बाजूंचे फोटो बघा. दोन तोट्या आणि त्यांना जोडणारी मूठ असलेल्या सुरईवर चित्र पोटाभोवती गुंडाळलेलं असतं, समोरून अर्धंच दिसतं. रंग म्हणजे रंगीत मातीचा पातळ लेप, भट्टीत घालण्याआधीच दिलेला. म्हणूनच तो आजही उठून दिसतो.

मग ओळखीचं शोधा: मिरची, शेंगा, मका, मासे, हमिंगबर्ड. ही सापडायला वेळ लागत नाही.

आता चेहऱ्याकडे या. नाकाखालून दोन्ही गालांवर मांजराच्या मिशांसारखी फाकलेली पट्टी दिसली, तर ती मुखपट्टी. कपाळावरही एक आभूषण असतं. सोन्याच्या पत्र्याचे असे दागिने प्रत्यक्ष सापडले आहेत, त्यामुळे हा देव की देवाचा वेश घेतलेला माणूस, हे दोन्ही अर्थ जागे ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ हातांवर घालवा. हातात बहुधा केसांनी धरलेलं कापलेलं शीर असतं. ओर्का या शिकारी देवमाशालासुद्धा माणसाचा हात काढलेला असतो आणि त्यातही शीर! ओठांवरच्या बारीक रेघा म्हणजे ओठ टाचणारे काटे. उत्खननात मिळालेल्या शिरांचे ओठ तसेच टाचलेले आहेत, कपाळाला दोरी ओवायचं भोक आहे. याला निव्वळ क्रौर्य समजू नका. काही भांड्यांवर याच शिरांच्या तोंडातून रोपं फुटतात. वर्षातला बराच काळ नदी कोरडी असणाऱ्या या मुलखात रक्त, पाणी आणि पीक यांचं नातं कुंभार सांगतोय, असं मला ठामपणे वाटतं.

शेवटी काळ ठरवा. मोकळ्या पार्श्वभूमीवर ठसठशीत आकृती असेल तर भांडं बहुधा आधीचं. किरणं, वळसे, काटे यांची गर्दी होऊन अंग हरवलं असेल तर नंतरचं; तिथे आधी डोळे शोधा, बाकीचं त्यांच्याभोवती जुळत जातं. नोंदीत सापडल्याचं ठिकाण आहे का, तेही तपासा. कबरी लुटून काढलेल्या कित्येक भांड्यांना ते नसतं, आणि मग शेजारी काय पुरलं होतं हे कळायला मार्गच उरत नाही.