एका छत्रीवर दोन उपग्रह: माझा अनुभव

साताऱ्यात आमच्या गच्चीवर टीव्हीची सहा फुटी जाळीची छत्री (डिश अँटेना) आहे. मध्यभागी सी-बँड एलएनबी (छत्रीने गोळा केलेला सिग्नल पकडणारा डबा; सी-बँड म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीचा पट्टा), 83 अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-30 उपग्रहासाठी. त्याच छत्रीवर 93.5 अंशावरचं डीडी फ्री डिशही हवं होतं, आईला सह्याद्रीच्या बातम्या लागतातच. म्हणून शेजारी केयू-बँड, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचा, एलएनबी बांधला.

दोन दिवस सिग्नल शून्य. 93.5 हे 83 च्या पूर्वेला, म्हणून एलएनबीही मी पूर्वेलाच सरकवत होतो. पण छत्री आरशासारखी: पूर्वेकडून आलेला किरण परावर्तित होऊन पश्चिमेला जमा होतो. तो उपग्रह आपल्याकडून क्षितिजाकडे जास्त झुकलेला, त्यामुळे एलएनबी वरही घ्यावा लागतो. पश्चिमेला सरकवून चार-पाच बोटं वर धरला आणि सिग्नलची क्वालिटी दाखवणारी पट्टी एकदम हलली. मग एलएनबी स्वतःभोवती जरा जरा फिरवत पट्टी जास्तीत जास्त चढली तिथे क्लॅम्प आवळला. पट्टी दिसायला तीन-चार सेकंद लागतात, तेवढं थांबाच.

तरी टीव्हीवर काहीच नाही! डायसेक स्विचमध्ये (दोन एलएनबींमधून हवा तो निवडणारा स्विच) या एलएनबीची वायर दुसऱ्या पोर्टला, सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये मात्र पहिलं. ते बदललं, एलओ (एलएनबीची स्वतःची फ्रिक्वेन्सी, मेगाहर्ट्झमध्ये) 9750/10600 ठेवलं आणि संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या.