गाडीच्या छतावरचा दिवा एलईडीने बदलताना
गाडीच्या छतावरील जुना फिलामेंटचा बल्ब काढून एलईडी बसवणे हे घरच्या घरी होण्याजोगे काम आहे. मात्र खरेदीपूर्वी जुना बल्ब काढून त्याचा प्रकार नीट पाहावा. दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला नळीसारखा बल्ब ३१, ३६, ३९ किंवा ४१ मिलिमीटर अशा लांबीत मिळतो आणि माप आखूड पडल्यास तो पकडींत सैल बसून खड्ड्यागणिक लुकलुकतो. काचेच्या चपट्या बुडाचा, सरळ खोचायचा बल्ब असेल, तर दुकानात बहुधा टी-१० मागावा लागतो.

काम करताना बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी, कारण पकडीला लागलेला स्क्रूड्रायव्हर छताच्या पत्र्याला टेकला, तर फ्यूज उडतो. झाकण उचकटण्यापूर्वी त्याच स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे प्लॅस्टिकवर ओरखडे येत नाहीत. तार पुन्हा जोडल्यावर एलईडी पेटला नाही, तरी तो सदोष समजून परत करण्याची घाई करू नये. अनेक एलईडींना धन-ऋण बाजू असते, त्यामुळे तो उलटा फिरवून बसवताच बहुतेक वेळा उजेड पडतो. दिवा बंद केल्यावरही मंद उजेड राहत असल्यास सर्किटमधून झिरपणारा अत्यल्प प्रवाह त्याला कारणीभूत असतो, आणि अशा गाडीसाठी आत रोधक बसवलेला कॅन-बस प्रकारचा एलईडी घ्यावा.

प्रकाशाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात आणि विक्रेते ६००० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश आग्रहाने पुढे करतात. मात्र रात्री नकाशा किंवा कागद वाचण्यासाठी ४००० केल्विनच्या आसपासचा प्रकाश डोळ्यांना अधिक सोसवतो.