व्हर्जिनियात पिस्तूल परमिटचा अर्ज दिलाय? मग पुढचे ४५ दिवस असे काढा

अर्ज कसा भरायचा, ट्रेनिंग कुठे घ्यायचं, हे सांगणारे खूप भेटतात. अर्ज दिल्यानंतर काय करायचं, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात अ‍ॅशबर्न, हर्नडन, फेअरफॅक्स भागात राहणाऱ्या आणि कपड्याखाली पिस्तूल बाळगण्याचं परमिट मागितलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. यातले बरेच जण ग्रीन कार्डवर आहेत. त्यांनी तर या काळात डोळ्यांत तेल घालून राहायला हवं.

१. तारीख पक्की करा

व्हर्जिनियाच्या रहिवाशाचा अर्ज त्याच्या काउंटीच्या किंवा शहराच्या सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे जातो. अर्ज आणि सोबतची सगळी कागदपत्रं ज्या दिवशी पूर्ण मिळाली, ती तारीख क्लार्क अर्जावर घालतो. कायद्याने ठरवलेले ४५ दिवस तिथून मोजायचे. तुम्ही पाकीट पोस्टात टाकलं तो दिवस यात धरत नाहीत. शिक्का ३ मार्चचा असेल तर पंचेचाळिसावा दिवस १७ एप्रिल. शनिवार-रविवारही त्यात आले.

म्हणून फोन करून दोनच गोष्टी विचारा : अर्ज पूर्ण धरला आहे का, आणि मिळाल्याची तारीख कोणती? सही राहिली असेल किंवा ट्रेनिंगचा पुरावा चालणारा नसेल, तर दिवस मोजायला सुरुवातच झालेली नसते. १ जानेवारी २०२१ पासून फक्त ऑनलाइन केलेला कोर्स चालत नाही, हेही तपासा. फी सगळी मिळून ५० डॉलरच्या वर जात नाही. पावती जपून ठेवा.

२. आत काय चाललंय ते समजून घ्या

कोर्ट स्थानिक शेरीफ किंवा पोलिसांकडून माहिती घेतं आणि राज्याच्या गुन्हे नोंदींचा अहवाल मागवतं. गेल्या तीन वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली असेल, तर अर्ज नाकारला जातो. गांजाचंही नीट लक्षात घ्या. २०२१ पासून व्हर्जिनियात २१ वर्षांवरच्यांना तो थोड्या प्रमाणात जवळ ठेवता येतो, पण केंद्राच्या कायद्यात तो अजून बेकायदा आहे आणि गांजा घेणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही. अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर ती खोटी साक्ष ठरते.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना हे परमिट मिळत नाही. परदेशी नागरिकांपैकी फक्त कायमच्या रहिवाशांना, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं.

३. कागद हातात येईपर्यंत शर्टाखाली पिस्तूल नको

‘अर्ज तर दिलाय, पावती खिशात आहे’ हे पोलिसांपुढे चालत नाही. परमिटशिवाय लपवून पिस्तूल बाळगलं तर पहिल्याच वेळी १२ महिन्यांपर्यंत तुरुंगवास आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ग्रीन कार्डवाल्याला त्याहून मोठी भीती आहे : बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात, तर इमिग्रेशन कायद्यानुसार देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते. इतक्या वर्षांचा संसार चार-सहा आठवड्यांच्या घाईपायी पणाला लावू नका.

उघडपणे कमरेला लावायला व्हर्जिनियात बऱ्याच ठिकाणी मनाई नाही, तरी मी तो मार्ग कुणाला सुचवणार नाही. थंडी वाजली, जॅकेटची चेन ओढली, की तेच पिस्तूल झाकलं जातं आणि तुम्ही गुन्ह्यात अडकता. नेमबाजीच्या रेंजवर जाताना स्वतःच्या गाडीत न्यायचं असेल तर पेटीत किंवा कप्प्यात ठेवा आणि झाकण नीट बंद करा. मी तर रिकामं पिस्तूल कुलूपबंद पेटीत डिकीत आणि गोळ्या वेगळ्या, असंच सांगेन.

४. हे दिवस घरासाठी वापरा

पोरं असतील तर लॉकबॉक्स आजच घ्या. चौदा वर्षांखालच्या मुलाच्या जिवाला धोका होईल अशा बेपर्वाईने भरलेलं पिस्तूल उघड्यावर ठेवणं हा व्हर्जिनियात गुन्हा आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर, साड्यांच्या घडीखाली ठेवलेलं पिस्तूल मुलांना सापडतं. तिथे ठेवूच नका. पेटीची किल्ली किंवा नंबर कुणाकडे असेल, हे नवरा-बायकोने बसून ठरवा. रेंजवर सराव चालू ठेवा.

५. भारतात जाणार असाल तर

परमिट टपालाने येतं. पोस्ट ऑफिस ३० दिवसांपर्यंत टपाल थांबवून ठेवतं, त्याची विनंती निघण्याआधी करा. मुक्काम त्याहून लांबला तर विश्वासू शेजाऱ्याला टपालपेटी बघायला सांगा.

६. ४५ दिवस उलटले आणि काहीच आलं नाही तर

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. मुदतीत निर्णय झाला नाही, तर मुदत संपल्याचं क्लार्कने अर्जावरच प्रमाणित करायचं आणि ती प्रत टपालाने किंवा ईमेलने तुम्हाला पाठवायची. ही प्रत, सोबत सरकारी फोटो ओळखपत्र, हेच तात्पुरतं परमिट. ते ९० दिवस चालतं. त्याआधी निर्णय झाला तर तिथेच संपतं. सेहेचाळिसाव्या दिवशी क्लार्कला शांतपणे फोन करा आणि ही प्रत मागा. ती हातात येण्याआधी मात्र तिसरी पायरी लागूच आहे.

नकार आला तर आदेशात कारण लिहिलेलं असतं. २१ दिवसांच्या आत तोंडी सुनावणी मागता येते. ही मुदत चुकवू नका, आणि कारण इमिग्रेशनशी जोडलेलं असेल तर आधी वकील गाठा.

७. परमिट आल्यावर

नाव, पत्ता, जन्मतारीख अक्षर न् अक्षर वाचा. त्यावर फोटो नसतो, म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स कायम सोबत हवं. मुदत पाच वर्षांची. रेस्टॉरंटमध्ये पिस्तूल लपवून नेलं असेल तर दारूचा थेंबही नको. देवळात धार्मिक कार्यक्रम चालू असताना पुरेशा कारणाशिवाय शस्त्र नेणं गुन्हा आहे, तेव्हा गणपतीच्या आरतीला ते घरीच ठेवा. आणि वॉशिंग्टन डी.सी. किंवा मेरीलँड हे परमिट मानत नाहीत. अ‍ॅशबर्नहून सिल्व्हर लाइन मेट्रो पकडून ऑफिसला जाणाऱ्यांनी सकाळी घरातून निघतानाच कंबर तपासावी. गाडी पोटोमॅक नदीखालून पलीकडे डी.सी.त गेली की उतरून परत फिरायला वेळ मिळत नाही.