वर्गमूळांचा गुणाकार: आधी लहान करा, मग गुणा

नियम एका ओळीचा आहे: √अ × √ब = √(अ×ब). अ आणि ब ऋण नकोत, एवढीच अट. √६ × √१० म्हणजे √६०. पण उत्तर इथे संपत नाही, कारण ६० मध्ये ४ हा पूर्ण वर्ग दडलेला आहे. √६० = √४ × √१५ = २√१५. मुळाखाली एकही पूर्ण वर्ग (४, ९, १६, २५...) उरला नाही की करणी (म्हणजे पूर्ण न सुटणारं मूळ, जसं √१५) सरळ रूपात आली.

आता √९८ × √४५ घ्या. बहुतेक मुलं थेट गुणतात आणि ४४१० घेऊन अडकतात. तसं करू नका. आधी एकेक करणी सोडवा: ९८ = ४९ × २, म्हणून ७√२. ४५ = ९ × ५, म्हणून ३√५. मग बाहेरचे बाहेरच्यांशी, आतले आतल्यांशी गुणा: ७ × ३ = २१ आणि √२ × √५ = √१०. उत्तर २१√१०. पूर्ण वर्ग पटकन दिसत नसेल तर मूळ अवयव पाडा. ७२ = २×२×२×३×३; जोडीतला एकेक बाहेर, एकटा २ आत. झाले ६√२.

रावेर-यावलकडे केळी ५ बाय ५ फुटांवर लावली असेल, तर तिरक्या रेषेतल्या दोन खोडांमधलं अंतर पायथागोरसच्या नियमाने √(५² + ५²) = √(२५ + २५) = √५० फूट. इथे √२५ + √२५ करून १० फूट म्हणाल तर सगळंच फसेल. मूळ गुणाकारात सुटं होतं, बेरजेत नाही. √५० = ५√२, म्हणजे ५ × १.४१४, सुमारे ७.०७ फूट.

बेरीज जमते ती सरूप करण्यांची, म्हणजे सरळ रूपात मुळाखाली एकच संख्या असलेल्यांची. √२ आणि √८ यांची बेरीज हे उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त आहे, बाराव्या शतकातलं. √८ = २√२, म्हणून बेरीज ३√२, म्हणजेच √१८. चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तसा शिलालेख तिथे आहे. खान्देशातल्या मुलांनी करणीला घाबरावं, हे मला तरी पटत नाही.

उत्तर तपासायचं तर वर्ग करा: (३√२)² = ९ × २ = १८, बरोबर. आता √२० × √२७ स्वतः सोडवा. ६√१५ यायला हवं.