नवीन कॅमेरा बॉडी थेट कामावर नेताय? या चुका टाळा

आपल्या फोटोग्राफीच्या धंद्यात आज नाटक, उद्या साखरपुडा, परवा सराफाकडे दागिन्यांचं शूट, असंच चालतं. नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात ना, त्यातल्या कितीतरी बॉडीच्या (लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याच्या) नसतातच, कालच्या कामाचं सेटिंग आजच्या कामात तसंच राहून गेलेलं असतं. नवीन कॅमेरा घ्यायला माझा विरोध नाही, उलट घ्याच, मला स्वतःला नवीन मॉडेल आलं की त्याचं मॅन्युअल वाचत बसायला आवडतं.

सगळ्यात मोठा घोळ सायलेंट शटरचा. बालगंधर्वला किंवा शिवाजी मंदिरला प्रयोग चालू असताना खटखट नको म्हणून आपण इलेक्ट्रॉनिक शटर लावतो, म्हणजे शटरचा पडदा हलतच नाही, ते बरोबरच आहे, नटाच्या शांततेत आपला आवाज जाता कामा नये. पण घरी येऊन बघावं तर फोटोत आडवे पट्टे. होतं असं की सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, एका झटक्यात वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्या वेळात लाइट कमीजास्त होतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साध्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर स्पीड १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं की त्यांचे पट्टे बहुतेक जातात. स्टेजचे एलईडी आणि मागची एलईडी वॉल यांचं गणित मात्र वेगळं, तिथे १/१०० चालेलच असं नाही. त्यासाठी बऱ्याच नव्या बॉडीत शटर स्पीड अगदी बारीक टप्प्यांनी बदलायची सोय असते, स्क्रीनवर पट्टे दिसत असतात, ते फिके पडेपर्यंत आकडा फिरवायचा. आणि हे प्रयोगाच्या आधी, लाइटवाले दादा लाइट लावत असतात तेव्हाच करून घ्या, पडदा उघडल्यावर वेळ मिळत नाही.

आता तीच बॉडी दुसऱ्या दिवशी साखरपुड्याला. फ्लॅश उडत नाही, मग फ्लॅश उडवणाऱ्या ट्रिगरचे सेल बदला, चॅनल बदला, तोवर अंगठी घालून झालेली. सायलेंट मोड चालू असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये फ्लॅश बंदच होतो, आधी ते बघा. सगळीकडे असं नाही हां, निकॉन झेड८ मध्ये मेकॅनिकल शटरच नाही तरी फ्लॅश चालतो कारण त्याचा सेन्सर फार वेगात वाचला जातो, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ थ्री मध्ये तर ग्लोबल शटर आहे, म्हणजे सगळा सेन्सर एकदमच वाचला जातो. पण साध्या सेन्सरच्या बॉडीवर ढोलपथक इलेक्ट्रॉनिक शटरने काढलं तर टिपरू वाकडं दिसणार, तिथे मेकॅनिकलवर या.

यावर उपाय म्हणजे डायलवरचे कस्टम मोड, म्हणजे आपली सेटिंग सेव्ह करून ठेवायच्या जागा. एक नाटकाचा, एक लग्नाचा, एक प्रॉडक्टचा, शांतपणे घरी बसून सेव्ह करा. निकॉनच्या मोठ्या बॉडीत याच्या जागी बँक (सेटिंगचे संच) असतात आणि तिथे केलेला बदल तसाच राहतो, त्यामुळे काम सुरू करताना एकदा तपासाच.

अंतरपाट धरलेला असताना आय एएफ, म्हणजे डोळे शोधणारा ऑटोफोकस, करवलीच्या किंवा मामाच्या चेहऱ्यावर उडी मारतो. तेवढ्यापुरता छोटा फोकस पॉइंट घ्या, नवरा-नवरीवर ठेवा.

दागिन्यांना सगळं शार्प पाहिजे म्हणून अॅपर्चर एफ/२२ लावू नका, एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि नक्षीच मऊ पडते. एफ/८ ते एफ/११ ठेवून फोकस स्टॅकिंग करा, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी फोकस केलेले फोटो एकत्र जोडा, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद, नाहीतर प्रत्येक फोटोत सोन्याचा रंग वेगळा.

जेजुरीला भंडारा उडत असताना लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर हळद. दोन बॉडी न्या, दोन लेन्स लावूनच ठेवा. कण गेलाच तर तोंडाने फुंकायचं नाही, कापडाने पुसायचं नाही, बॉडी उलटी धरून ब्लोअर मारा, नाही गेला तर साफ करणाऱ्याकडे द्या.

कार्ड आणि कॉम्प्युटरकडे फार कमी लोक बघतात. झेड८ किंवा कॅनन आर५ मध्ये एक वेगवान सीएफएक्सप्रेस कार्डाचा आणि एक एसडी कार्डाचा असे दोन स्लॉट आहेत, दोन्हीवर बॅकअप लिहायला लावलं की वेग हळू कार्डाचाच मिळतो आणि वरमालेच्या वेळी बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्याची मेमरी) भरतो. एसडी स्वस्तातलं घेऊ नका, व्ही९० या वेगवान वर्गातलं घ्या. बॅकअप मात्र बंद करू नका, दुसऱ्याचं लग्न आहे ते! आणि फोटो एडिट करायच्या लाइटरूम सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन नव्या बॉडीची रॉ (कॅमेऱ्यातली मूळ, कच्ची) फाइल उघडतच नाही, तेव्हा रॉ फाइल डीएनजी फॉरमॅटमध्ये बदलणारा अॅडोबीचा फुकट डीएनजी कन्व्हर्टर कामाला येतो, पण त्यातही त्या मॉडेलचा सपोर्ट आलाय का ते बघून घ्या.

आणि विकत घ्यायच्या आधी एक दिवस भाड्याने आणा. दुकानात काउंटरवर सगळेच कॅमेरे छान वाटतात, ज्या कामासाठी घ्यायचाय त्याच कामाला तो न्या, जुनी बॉडी गळ्यात असू द्या, आणि महत्त्वाचे फोटो जुनीवरच काढा.